सुट्टीवर घरी असलेला जवान ‘सक्रिय सेवेत’ कसा?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतरांनाही कळावं म्हणून तुमची अडचण आधी मांडतो. तुमचा धाकटा भाऊ राष्ट्रीय रायफल्समध्ये, काश्मीर खोऱ्यात. साठ दिवसांच्या वार्षिक सुट्टीवर खटाव तालुक्यातल्या गावी आला. बांधाच्या वादाचा दावा वडूजच्या कोर्टात चालू, त्याची तारीख पुढं पुढं जात राहिली आणि सुट्टी संपली तरी तो निघाला नाही. आज ४७ दिवस झाले. युनिटचं पत्र आलंय, पोलीस ठाण्यातूनही माणूस येऊन चौकशी करून गेलाय. पत्रात ‘सक्रिय सेवेत असताना गैरहजर’ असे शब्द आहेत आणि गावात कुणीतरी तुमच्या आईला सांगितलं की याला फाशीसुद्धा होऊ शकते. तुम्ही विचारता, युद्ध चालू नाही, पोरगा शेतावर होता, मग सक्रिय सेवा आली कुठून?

उत्तर लांबणार आहे. म्हणून एक गोष्ट आधी सांगतो: हे वाचून होण्याची वाट न बघता भावाला बॅग भरायला सांगा. कारण पुढं येईलच.

मी आधी फौजेच्या जज ॲडव्होकेट जनरल शाखेत, म्हणजे फौजेच्या कायदा शाखेत होतो आणि गेली बावीस वर्षं वकिली करतो ती जवानांचीच. सातारा, सांगली, कोल्हापूरकडची घरं माझ्याकडे येतात तेव्हा दहातल्या सात-आठ वेळा गोंधळ याच शब्दाचा असतो. आपल्या बोलण्यात ‘सक्रिय सेवा’ म्हणजे निवृत्त न झालेला, नोकरीत असलेला माणूस. फौजेत बोलताना ‘फील्ड’ (कारवाईच्या भागातली नेमणूक) आणि ‘पीस’ (शांत ठाण्यातली) म्हणतात. पण आर्मी ॲक्ट, १९५० मध्ये ‘ॲक्टिव्ह सर्व्हिस’ला स्वतःची व्याख्या आहे आणि ती या दोन्हींपेक्षा वेगळी आहे.

ती कलम ३ मध्ये पहिल्याच क्रमांकावर आहे. तिच्यात तीन प्रसंग दिले आहेत. शत्रूविरुद्ध कारवाईत गुंतलेल्या फौजेचा जवान भाग असेल किंवा तिला जोडलेला असेल, तो काळ. शत्रूनं पूर्ण किंवा थोडाबहुत व्यापलेल्या देशात वा ठिकाणी तो लष्करी कारवाईत असेल, किंवा तिकडे कूच करत असेल, तो काळ. आणि परक्या देशाचा ताबा घेऊन बसलेल्या फौजेत तो असेल, तो काळ. मागचे दोन तुमच्या कामाचे नाहीत. पहिला आहे.

आता यात नीट बघा, ‘युद्ध’ हा शब्द कुठंच नाही. युद्ध जाहीर व्हावं लागत नाही, आणीबाणी लागत नाही. लागतो फक्त ‘शत्रू’. आणि शत्रूची व्याख्याही त्याच कलमात पुढं दिलीय: सशस्त्र बंडखोर, सशस्त्र दंगेखोर, बंड करणारे सैनिक, समुद्री चाचे, आणि ज्याच्याविरुद्ध कारवाई करणं जवानाचं कर्तव्य आहे असा कुठलाही हत्यारबंद माणूस. म्हणजे खोऱ्यातला दहशतवादी या कायद्यापुरता शत्रूच, आणि त्याच्यामागं असलेली राष्ट्रीय रायफल्सची बटालियन ही शत्रूविरुद्ध कारवाईत गुंतलेली फौज. सीमेपलीकडं एकही गोळी सुटली नाही तरी.

दुसरं दार कलम ९ चं. केंद्र सरकारला राजपत्रात अधिसूचना काढून सांगता येतं की अमुक लोक, अमुक भागात सेवा करत असताना, किंवा अमुक तरतुदीपुरते, सक्रिय सेवेत आहेत असं मानावं. कायद्यातला हा ‘मानावं’ फार वजनदार असतो. प्रत्यक्षात काय होतं याला मग महत्त्व उरत नाही. ५ सप्टेंबर १९७७ ला निघालेली अशी अधिसूचना फॉरवर्ड, म्हणजे सीमेकडच्या आघाडीच्या भागांबद्दल आहे आणि ती अजूनही आरोपपत्रांत दिसते. तिथल्या लंगरात पोळ्या लाटणारा जवान आणि गस्तीवर निघालेला जवान, दोघांचा दर्जा कायद्यानं एकच.

पण तुमचा भाऊ गावी होता. हाच खरा प्रश्न, आणि इथं मी घाईनं हो किंवा नाही म्हणणार नाही. पहिल्या दारानं गेलं तर शब्द आहेत ‘फौजेचा भाग असेल’. सुट्टीवर गेलेला जवान फौजेचा भाग राहतोच. त्याचं नाव बटालियनच्या हजेरीवर असतं, पगार चालू असतो, जागेवर दुसरा येत नाही. तो तिथं हजर असावा असं व्याख्या म्हणत नाही. सरकारी बाजू हेच म्हणेल आणि त्यात दम आहे. दुसऱ्या दारानं गेलं तर मात्र चित्र बदलतं, कारण कलम ९ ची भाषा ‘ज्या भागात सेवा करत असेल’ अशी आहे. वार्षिक सुट्टीवर खटावात असलेला माणूस त्या भागात ‘सेवा करत’ होता का, हा वाद घालता येतो, आणि मी तो घालीन.

म्हणून आरोपपत्र हातात आलं की पहिलं काम हे: सक्रिय सेवा कुठल्या आधारावर लिहिलीय ते शोधायचं. कलम ३ च्या व्याख्येवर की अधिसूचनेवर? अधिसूचना असेल तर तिचा क्रमांक, तारीख आणि त्यातली जागा. त्या तारखेला युनिट नेमकं कुठं होतं याचा कागद आहे का? नुसतं ‘सक्रिय सेवेत असताना’ एवढं टंकून ठेवलेली आरोपपत्रं मी पाहिली आहेत. ते वाक्य म्हणजे सजावट नाही, गुन्ह्याचा घटक आहे, आणि घटक सरकारी पक्षाला सिद्ध करावा लागतो.

कारण त्या तीन शब्दांनी काय काय बदलतं ते बघा. पळून जाण्याचा, म्हणजे फौजेच्या भाषेत भगोडा होण्याचा गुन्हा कलम ३८ मध्ये आहे. सक्रिय सेवेत असताना, किंवा तसा हुकूम झालेला असताना पळाला तर कमाल शिक्षा मृत्युदंड. इतर वेळी कमाल सात वर्षं. पहाऱ्यावरचा संत्री झोपला: सक्रिय सेवेत चौदा वर्षांपर्यंत, एरवी सात. वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम मोडला: चौदा आणि पाच. कृत्य तेच, माणूस तोच. बदललेली असते ती वेळ आणि जागा.

शिक्षेवरच थांबत नाही. खटल्याआधी आरोपीला आरोप समजावून दिल्यापासून खटला उभा राहीपर्यंत किमान ९६ तास मिळायला हवेत, असं आर्मी रूल ३४ सांगतो. हे पाळणं बंधनकारक आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली स्पष्ट केलंय. सक्रिय सेवेत ते ९६ तास २४ होतात. एक दिवस. त्या एका दिवसात घरी फोन, कागद, साक्षीदार, सगळं. वॉरंट ऑफिसरच्या खालच्या माणसाला सक्रिय सेवेत ‘फील्ड पनिशमेंट’, म्हणजे मैदानातली खास शिक्षा, देता येते, एरवी नाही. तीन अधिकाऱ्यांचं समरी जनरल कोर्ट मार्शल, म्हणजे झटपट चालणारं लष्करी न्यायालय, रणक्षेत्रातला कमांडर बसवू शकतो. फौजेतल्या माणसानं बाहेरच्या नागरिकाचा खून किंवा बलात्कार केला तर एरवी खटला साध्या फौजदारी कोर्टात चालतो. तो सक्रिय सेवेत असेल, किंवा भारताबाहेर वा सरकारनं ठरवलेल्या सीमाचौकीवर असेल, तर कोर्ट मार्शललाही अधिकार येतो. आणि एरवी ज्यांचा फौजेच्या कायद्याशी संबंध नाही असे हमाल, ठेकेदाराचे चालक, फौजेबरोबर सक्रिय सेवेवर चालणारे इतर लोक, तेही त्या काळापुरते आर्मी ॲक्टखाली येतात. पोर्टर म्हणून गेलेल्या कितीजणांना हे सांगितलं जातं? फार थोड्यांना.

आता फाशीचं. ही भीती आईच्या मनातून आजच काढा. कायद्यात शब्द आहे, पण तिथपर्यंत जाणारा रस्ता लांब आहे आणि तुमच्या भावाचं प्रकरण त्या रस्त्यावर दिसत नाही. सुट्टी संपूनही पुरेशा कारणाशिवाय न परतणं हा कलम ३९ चा गुन्हा, आणि त्याला सक्रिय सेवा असो वा नसो, कमाल तीन वर्षं. पळून जाणं आणि गैरहजर राहणं यात फरक हेतूचा आहे. परत यायचंच नाही, किंवा अमुक धोक्याची ड्युटी टाळायची, असा हेतू असेल तर ते पलायन. नुसता उशीर, कितीही लांबला तरी, आपोआप पलायन होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८६ साली हा फरक सांगितलाय.

मग ‘भगोडा’ हा शब्द येतो कुठून? तीस दिवस झाले की कलम १०६ प्रमाणं कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे चौकशी मंडळ, बसते. ती गैरहजेरीची नोंद करते, त्याच्याजवळचं सरकारी सामान मोजते, आणि तो हजर झाला नाही तर त्याला कायद्यापुरतं भगोडा मानलं जातं. त्याच्या गावच्या पोलिसांकडं त्याला पकडण्याचं पत्रही येतं. तुमच्या दारात माणूस आला तो त्यामुळं. पण ही नोंद म्हणजे निकाल नाही. खटल्यात हेतू पुन्हा सिद्ध करावाच लागतो.

हेतू कशावरून ठरतो हे एका जुन्या प्रकरणावरून सांगतो. माण तालुक्यातला एक जवान, असाच सुट्टीवरून अडकलेला, नव्वदच्या वर दिवस. बायकोचं आजारपण होतं, पण सरकारी दवाखान्याचा एकही कागद ठेवलेला नव्हता. माझ्यासमोर बसून म्हातारे वडील पिशवीतून एकेक चिठोरं काढत होते. बँकेच्या पासबुकात दुमडलेलं एक तिकीट निघालं. झेलम एक्स्प्रेस, पुणे ते जम्मू तावी, वेटिंग लिस्टवरचं, सुट्टी संपायच्या आदल्या दिवसाचं. वडील ते बाजूला ठेवत होते, रद्दी म्हणून. त्या तिकिटावर आम्ही केस लढवली. ज्याला परत जायचंच नाही तो वेटिंगचं तिकीट कशाला काढील? आणि तो पकडला गेला नव्हता, स्वतःच्या पायानं हजर झाला होता. पलायनाचा आरोप टिकला नाही, गैरहजेरीचा टिकला. शिक्षा झाली, पण नोकरी राहिली.

म्हणून म्हटलं, बॅग भरा. आज स्वतः हजर होणं हा त्याच्याजवळचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. पोलिसांनी बेड्या घालून नेलं की तोच पुरावा उलटा फिरतो. खोऱ्यापर्यंत जायला वेळ लागणार असेल तर जवळच्या लष्करी ठाण्यात किंवा त्याच्या मूळ रेजिमेंटच्या केंद्रात (रेजिमेंटल सेंटर) हजर व्हावं. मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर बेळगाव तुमच्यापासून एका दिवसाच्या आत आहे. तिथं हजर झाल्याची तारीख आणि वेळ घातलेला कागद मागून घ्यायचा, आणि त्याचा फोटो तुमच्याजवळ ठेवायचा.

‘गेला नाही तर काय, तीन वर्षांत प्रकरण मिटतं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कोर्ट मार्शलसाठी एरवी तीन वर्षांची मुदत आहे खरी, पण पलायनाला ती लागू नाही. परत येऊन तीन वर्षं उत्तम सेवा केली तर जुन्या पलायनाचा खटला चालवता येत नाही, अशी जवानांसाठी सवलत आहे. सक्रिय सेवेतलं पलायन त्यातून वगळलेलं आहे. तेच शब्द पुन्हा.

अशी प्रकरणं बहुतेक वेळा समरी कोर्ट मार्शलपुढं जातात. तिथं कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायाधीश. लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा असेल तर कैद एका वर्षापेक्षा जास्त देऊ शकत नाही, खालचा असेल तर तीन महिने. बडतर्फी मात्र देऊ शकतो, आणि घर उद्ध्वस्त करते ती बडतर्फी. मृत्युदंड द्यायचा तर जनरल कोर्ट मार्शल लागतं, किमान पाच अधिकाऱ्यांचं, आणि त्यातल्या दोनतृतीयांश सदस्यांची सहमती. समरी जनरल असेल तर सगळ्यांची. भावाच्या प्रकरणात मी तिकडं बघतसुद्धा नाही. मी बघतो ते बडतर्फीकडं. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं आर्मी सर्व्हिस कोअरच्या एका चालकाची बडतर्फी कायम ठेवली. त्यानंही बायकोच्या आजाराचं कारण सांगितलं होतं, उशीर १०८ दिवसांचा होता आणि आधीच्या गैरहजेऱ्या खात्यावर होत्या. तुमच्या भावाचं आधीचं रेकॉर्ड कसं आहे ते मला खरं खरं सांगा. लाल शाईच्या नोंदी, म्हणजे आधीच्या शिक्षांच्या नोंदी, किती, कशाबद्दल. घरच्यांना बऱ्याचदा माहीत नसतं, त्यालाच विचारा.

समरी कोर्ट मार्शलमध्ये वकील उभा राहत नाही, ‘फ्रेंड ऑफ द अक्यूज्ड’ म्हणून एक अधिकारी किंवा सहकारी देतात. तो सल्ला देतो, साक्षीदाराला प्रश्न विचारत नाही. ते काम भावालाच करावं लागतं. त्यामुळं त्याच्या तोंडून काय जायचं हे आधी ठरलेलं हवं. ‘गुन्हा कबूल’ म्हणण्याआधी कुठल्या कलमाखाली कबूल करतोय ते समजून घ्यायचं. ३९ कबूल करणं आणि ३८ कबूल करणं यात एका आयुष्याचा फरक आहे. निकालाविरुद्ध सशस्त्र सेना न्यायाधिकरणात अपील करता येतं. त्याचं एक खंडपीठ मुंबईला आहे. मुदत नव्वद दिवस.

आता त्या बांधाच्या दाव्याबद्दल, कारण हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं. ज्या तारखेसाठी तो थांबला, ती तारीख कायदा त्याच्यासाठी हलवू शकत होता. आर्मी ॲक्टचं कलम ३२ सांगतं की जवानाला कोर्टाच्या कामासाठी सुट्टी मिळाली असेल आणि लष्करी अधिकाऱ्याचा तसा दाखला असेल, तर शक्य तेवढं ते प्रकरण त्याच्या सुट्टीच्या आत ऐकून संपवायचं, आणि जमत नसेल तर कोर्टानं कारण लिहून ठेवायचं. दुसरा आहे १९२५ चा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट. जवान ‘विशेष परिस्थितीत’ सेवा करत असल्याचा लष्करी दाखला आला तर दावा पुढं ढकलला जातो, त्याच्या पाठीमागं हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करून मागता येतो, आणि तो काळ मुदतीतून वजा होतो. जिल्हाधिकारीसुद्धा कोर्टाला कळवू शकतात की हा पक्षकार फौजेत आहे. मात्र इथं ‘विशेष परिस्थिती’ची व्याख्या निराळी आहे. आर्मी ॲक्टमधली सक्रिय सेवा इथं आपोआप चालत नाही. अधिसूचित ठिकाण, परदेश, युद्धपरिस्थिती असं ते मोजलं जातं. साताऱ्यातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या अर्जांबद्दल विचारा आणि वडूजच्या तुमच्या वकिलांना दोन्ही तरतुदी दाखवा. भाऊ आज निघाला तरी शेताचं काम थांबत नाही, एवढं त्याला पटलं तर त्याचा पाय उचलेल.

तुमच्या चुलत्यांचं म्हणणं की ‘सक्रिय सेवा लिहिलीय म्हणजे उद्या काही झालं तर युद्धातल्यासारखं पेन्शन मिळेल’, तेही बरोबर नाही. शिक्षेचा हा शब्द पेन्शनच्या फायलीत चालत नाही. तिथं विचारतात की मृत्यू वा इजा सेवेमुळं झाली का, कुठल्या कारवाईत झाली, कुठल्या गटात बसते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नियंत्रण रेषेजवळ गस्तीवर हृदयविकारानं गेलेल्या जवानाच्या पत्नीला उदारीकृत (नेहमीपेक्षा वाढीव) कुटुंब निवृत्तिवेतन कायम केलं आणि तिला खेटे घालायला लावल्याबद्दल पन्नास हजारांचा खर्च लावला. तो निकाल त्या कारवाईच्या आणि हवामानाच्या परिस्थितीवर उभा आहे. सुट्टीतही फरक आहे: कॅज्युअल सुट्टी ड्युटी धरली जाते, वार्षिक सुट्टीत घरी झालेल्या अपघाताला सेवेशी संबंध दाखवावा लागतो. आणि या ४७ दिवसांचा पगार कापला जाणार, हेही धरून चाला.

शेवटचं तुमच्या स्वतःबद्दल. तो भगोडा आहे हे माहीत असताना त्याला आसरा देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६४ प्रमाणं गुन्हा आहे. सूट फक्त नवरा-बायकोला आहे. आईला नाही, बहिणीला नाही. पोलीस ठाण्याचा माणूस पुन्हा आला तर लपवाछपवी करू नका. तो अमुक दिवशी, अमुक गाडीनं हजर व्हायला निघतोय असं सांगा, तिकीट दाखवा आणि हे लेखी देऊन पोच घ्या.

भावाबरोबर द्यायचे कागद: सुट्टीचा मूळ दाखला, युनिटच्या पत्राची प्रत, वडूजच्या दाव्याच्या प्रत्येक तारखेच्या रोजनाम्याची नक्कल, आणि त्यानं युनिटला केलेल्या फोनची किंवा मेसेजची नोंद असेल तर ती. खोटं वैद्यकीय प्रमाणपत्र चुकूनही नको. कुणी पाचशे रुपयांत करून देतो म्हणेल, त्यानं नवा गुन्हा उभा राहतो. आरोपपत्र मिळालं की त्याचा फोटो मला पाठवा, आणि ‘सक्रिय सेवा’ हे शब्द कुठल्या ओळीत आहेत तिथं पेन्सिलनं खूण करा. आपण तिथूनच सुरुवात करू.